कर्णबधिर मुलांचे शिक्षण : कान, डोळे आणि भाषा

कर्णबधिर मुलाच्या शिक्षणातील मुख्य अडचण कानाची आहे, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः ती भाषेची आहे. ऐकू येणारे मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा हजारो शब्दांची शिदोरी त्याच्याजवळ असते. हे शब्द त्याला कोणी मुद्दाम शिकविलेले नसतात. घरातील बोलण्यातून ते सहज कानी पडलेले असतात. जन्मतः ऐकू न येणारे मूल या ठेव्याला मुकते. त्याची बुद्धी शाबूत असते, स्वरयंत्रही बहुधा निर्दोष असते. म्हणूनच 'मूकबधिर' हा पूर्वापार रूढ शब्द दिशाभूल करणारा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या 50 लाखांहून अधिक होती. यांतील बालकांना आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत एकही भाषा पूर्णपणे मिळाली नाही, तर ती उणीव पुढे भरून काढणे फार कठीण जाते.

चंडीगढसारख्या शहरात हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. येथील अनेक घरांत पंजाबी बोलली जाते, बाजारात आणि शाळेत हिंदी, तर पाठ्यपुस्तकांत व पाट्यांवर इंग्रजीही असते. ऐकणारे मूल या तिन्ही भाषा खेळता खेळता आत्मसात करते. कर्णबधिर मुलाला मात्र प्रत्येक भाषा स्वतंत्र डोंगरासारखी चढावी लागते. यासाठी त्याच्याभोवतीच्या मोठ्या माणसांनी आरंभी एकच भाषा निश्चित करून तिचा भरपूर आणि सातत्याने वापर करावा, हे हितकारक ठरते.

पहिली पायरी निदानाची. चंडीगढ येथे 1962 मध्ये स्थापन झालेल्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या पी.जी.आय.मध्ये, श्रवणाची तपासणी होते आणि कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रियाही केली जाते. परंतु यंत्र बसविले म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे. चष्म्याने दृष्टी जशी तत्काळ स्वच्छ होते, तसे श्रवणयंत्राने ऐकणे होत नाही. यंत्र आवाज वाढविते. त्या आवाजातून अर्थ वेचण्यास मुलाला महिनोन् महिने शिकवावे लागते. शिवाय यंत्र शिक्षकाच्या शब्दांबरोबर पंख्याची घरघर आणि बाकांचा खडखडाटही वाढविते. विटांच्या व काँक्रीटच्या उघड्या भिंतींवरून आवाज परततो. अशा वर्गात जाड पडदे आणि जमिनीवर चटया घातल्याने पुष्कळ फरक पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनी सुमारे 6 डेसिबेलने घटतो. म्हणून अल्पश्रवण असलेल्या मुलाने शिक्षकाजवळ बसणे, ही केवळ सोय नसून गरज आहे.

ओठ पाहून बोलणे ओळखण्याच्या कलेला, म्हणजे ओष्ठवाचनाला, मोठ्या मर्यादा आहेत. 'पाल', 'बाल', 'भाल' आणि 'माल' हे चार शब्द आरशासमोर उच्चारून पाहावेत. ओठांची हालचाल चारही वेळा जवळजवळ सारखीच दिसते. 'क' आणि 'ग' तर मुखाच्या मागील भागात उच्चारले जातात, ते दिसतच नाहीत. ओष्ठवाचन करणारा जे पाहतो त्याला संदर्भाची जोड देऊन अर्थाचा अंदाज बांधतो. आणि अंदाज बांधण्यासाठी भाषा आधीच अवगत असावी लागते.

तरीही 1880 मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने मौखिक पद्धतीलाच मान्यता दिली आणि खुणांच्या भाषेला शाळांमधून हद्दपार केले. त्या निर्णयात कर्णबधिरांना जवळजवळ स्थान नव्हते. त्याची छाया भारतातील शाळांवरही दीर्घकाळ राहिली. अनेक ठिकाणी वर्गात बोलणे आणि पटांगणात खुणा, असा दुहेरी व्यवहार चालू राहिला. 2010 मध्ये व्हँकूव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव अमान्य केल्याचे जाहीर केले. भारतात 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्ली येथे स्थापन झाले, तर 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सांकेतिक भाषा जाणणाऱ्या शिक्षकांची, त्यांत दिव्यांग शिक्षकांचीही, नेमणूक करण्याची जबाबदारी शासनावर टाकली.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हिंदीचे हातांनी केलेले रूपांतर नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नवाचक खूण साधारणतः वाक्याच्या शेवटी येते आणि भुवयांची हालचालही अर्थवाही असते. या भाषेत विचार करू लागलेले मूल तिच्या आधारे लिखित हिंदी किंवा इंग्रजी शिकू शकते. चंडीगढच्या सेक्टर 19 मध्ये कर्णबधिर मुलांसाठी वाटिका विद्यालय आहे. परंतु सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या श्रवणबाधित मुलाच्या शिक्षकालाही या गोष्टीची जाण असणे तितकेच अगत्याचे आहे.

अध्यापनातील एक साधे तत्त्व येथे उदाहरणाने स्पष्ट करता येईल. सुखना तलावाचा पाठ चालू आहे, असे समजू. शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा सुखना चो हा ओढा अडवून 1958 मध्ये हा तलाव निर्माण करण्यात आला, आणि ओढ्याबरोबर येणारा गाळ ही त्याची जुनी समस्या आहे. शिक्षक फळ्याकडे वळून नकाशा काढीत हे सांगू लागला, तर ऐकणारी मुले नकाशा पाहतात आणि ऐकतातही. कर्णबधिर मुलाला दोन्ही कामे डोळ्यांनीच करावयाची असतात. नकाशा पाहिला तर वाक्य निसटते, शिक्षकाकडे पाहिले तर नकाशा. म्हणून आधी नकाशा पाहू द्यावा, थांबावे, मग मुलांकडे तोंड करून, चेहऱ्यावर उजेड असताना सांगावे. 'ओढा', 'बांध', 'गाळ' हे शब्द फळ्यावर लिहावेत. शक्य असल्यास मुलांना तलावावर न्यावे आणि परतल्यावर त्यांनी पाहिलेल्याची वाक्ये त्यांच्याकडूनच लिहवून घ्यावीत.

'समजले का?' असे विचारले असता मूल मान डोलावते. ती सवय असते, उत्तर नव्हे. त्याऐवजी 'गाळ कोठून आला?' असे विचारावे. उत्तर आवाजात येवो, खुणांत येवो वा कागदावर, ते मुलाचे स्वतःचे असावे. आणि एखाद्या दिवशी त्याने उलट विचारले, 'गाळ वरच का अडवीत नाहीत?', तर शिक्षकाने समजावे की भाषा आता त्याच्या विचाराचे साधन झाली आहे.