ड्यू डेटच्या आधी

शेंदूरजनाघाट म्हणजे संत्र्याच्या रोपवाटिकांचं गाव. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कसा बांधायचा, हे इथल्या पोरांना शिकवावं लागत नाही. संध्याकाळच्या शिकवणीत मी त्यांना इंग्रजी शब्दही तसेच जोडीनं देते. 'ड्यू' एकटा घोकू नका. 'ड्यू डेट' म्हणा, 'ओव्हरड्यू लोन' म्हणा. बँकेच्या एसएमएसमध्ये शब्द असेच येतात, आणि तो एसएमएस बाप पोरालाच वाचायला देतो.

सगळ्यात जास्त वेळ मी 'प्रॉम्प्ट रिपेमेंट'ला देते. पीककर्जाचा दर 7 टक्के. मुदतीत फेडलं तर केंद्राची 3 टक्के सवलत, वर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची. 3 लाखांपर्यंतचं कर्ज असं जवळजवळ बिनव्याजी पडतं. तारीख चुकली की दोन्ही सवलती गेल्या. नुसतं 'लोन' कळून हे कळत नाही.

'मिनिमम ड्यू'ही तसंच. क्रेडिट कार्डाची तेवढीच रक्कम भरली, तर उरलेल्यावर व्याज चढतच राहतं.

पालकांनो, पुढचा एसएमएस पोरीलाही वाचायला द्या, आणि त्यातली तारीख लगेच कॅलेंडरवर लिहून ठेवा.