शरदातली धावपळ आणि घरातला विसावा

गणपती उठले, पितृपंधरवडा लागला की आपल्या कवठे महांकाळ तालुक्यात कोणालाही सवड म्हणून राहत नाही. बाजरीची काढणी-मळणी, भुईमुगाच्या शेंगा तोडणे, शाळवाची पेरणी आणि ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांची छाटणी, ही सारी कामे एकावर एक येऊन पडतात. त्यातच घट बसणार म्हणून घरातले अंथरूण-पांघरूण धुवायचे, भिंती झाडायच्या. दसरा होतो न होतो तोच कोजागिरी आणि पाठोपाठ दिवाळी. वर्षातला सर्वांत सुंदर ऋतू आणि सर्वांत जास्त धावपळ, दोन्ही एकाच वेळी आपल्या दारात येतात.

या दिवसांत माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. ‘ताप नाही, पण अंगाची आग होते.’ ‘छातीत जळजळते.’ ‘डोके ठणकते.’ ‘अंग मोडून येते, पण रात्री डोळा लागत नाही.’ तपासून पाहिले तर बहुतेकांना मोठा आजार नसतो. मग मागणी येते, ‘डॉक्टर, ताकदीचे एक सलाईन लावा, उद्या बागेत माणसे सांगितली आहेत.’

वाचकहो, त्या बाटलीत असते तरी काय? साध्या मिठाच्या सलाईनच्या अर्ध्या लिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत साधारण पाच चमचे साखर. उलट्या-जुलाब झालेल्या किंवा तोंडाने काही घेता न येणाऱ्या रोग्याला ती बाटली जीवदान देते, यात शंका नाही. परंतु थकलेल्या धडधाकट माणसाला तिच्यातून जे मिळते ते तांब्याभर सरबतातही मिळते. त्याला खरी गरज असते ती थंडाव्याची, निवांत जेवणाची, झोपेची आणि चार माणसांत बसण्याची. या गोष्टी औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. शरद ऋतूत त्या आपल्या घराच्या ओट्यावर फुकट मिळतात.

ऑक्टोबरचा उन्हाळा का बाधतो?

आपला भाग पर्जन्यछायेचा. सह्याद्री ओलांडताना ढगांचे पाणी तिकडेच पडते आणि आपल्याला बरीचशी भिस्त परतीच्या पावसावर ठेवावी लागते. तो पाऊस ओसरला की आकाश एकदम निरभ्र होते आणि दिवसा ऊन थेट अंगावर येते. जमीन मात्र ओली असते. त्या ओलीची वाफ हवेत मिसळते आणि हवा दमट होते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणूनच एप्रिलच्या कोरड्या उन्हापेक्षा पारा कमी असूनही ऑक्टोबरच्या उन्हात जीव जास्त घाबरा होतो.

रात्री नेमके उलटे घडते. ढगांचे पांघरूण नसल्याने जमिनीतली उष्णता भराभर निघून जाते आणि हवा गार होते. पावसाने धूळ धुऊन निघालेली असते, त्यामुळे चांदणे लख्ख पडते. दिवस उन्हाळ्याचा आणि रात्र हिवाळ्याच्या उंबरठ्यावरची, असा हा ऋतू आहे. दिवसाचा त्रास भरून काढण्याची सोय निसर्गाने त्याच दिवसाच्या रात्री करून ठेवली आहे. तिचा लाभ घेण्याऐवजी आपण ती रात्र हिशेबात, मोबाईलवर भाव पाहण्यात आणि ‘उद्या डावणी येईल का’ या काळजीत घालवतो.

आपल्या पूर्वजांनी हा ऋतू चांगला ओळखला होता. वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात ऋतुचर्येचा स्वतंत्र अध्याय आहे. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने उसळते, असे त्यात सांगितले आहे. या ऋतूत तांदूळ, मूग, पडवळ, आवळा, साखर, मध असा आहार सुचवला आहे; तर पोट तडस लागेपर्यंत जेवणे, दही, तेलकट पदार्थ, ऊन, कडक मद्य आणि दुपारची झोप टाळायला सांगितली आहे. आणि संध्याकाळी काय करावे? गच्चीवर चांदण्यात बसावे, असा चक्क वैद्यकीय सल्ला दिला आहे! चांदण्यात स्वतःचा काही औषधी गुण आहे, असे आजचे शास्त्र म्हणत नाही. मात्र गार हवा, मंद उजेड आणि निवांतपणा यांचा झोपेवर होणारा परिणाम आजचे शास्त्रही मान्य करते.

संध्याकाळची दोन तासांची दिनचर्या

झोप येण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते. त्याचबरोबर अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचा स्राव वाढतो आणि तो शरीराला झोपेची वर्दी देतो. डोळ्यांवर प्रखर उजेड पडला, मग तो ट्यूबलाईटचा असो वा मोबाईलचा, तर ही वर्दी लांबते. एवढे लक्षात घेतले की पुढच्या साध्या गोष्टींचे महत्त्व पटेल.

रानातून आल्यावर आधी कोमट पाण्याने आंघोळ करावी. कोमट पाण्याने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि नंतर शरीर निवते. औषध फवारून आलेल्यांनी तर आंघोळ केल्याशिवाय लेकराला जवळ घेऊ नये आणि फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

नंतर जेवण, आणि तेही शक्यतो आठच्या आत. ताज्या बाजरीची भाकरी, मुगाची आमटी, एखादी फळभाजी एवढे पुरे. दिवसभर चहा आणि बिस्किटांवर काढून रात्री दहाला चमचमीत रस्सा ओरपायचा आणि लगेच आडवे व्हायचे, हे छातीतल्या जळजळीचे मोठे कारण आहे. आडवे झाल्यावर जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर राहिले तर अनेकांच्या पित्ताच्या गोळ्या कमी होतील.

जेवण झाल्यावर घरातील सर्वांनी ओट्यावर किंवा गच्चीवर बसावे. मीठ घालून उकडलेल्या ओल्या शेंगा मध्ये ठेवाव्यात. शेंगांत उत्तम प्रथिने आहेत आणि एकेक सोलून खायच्या म्हणून गप्पाही होतात. सीताफळाचे दिवस आहेत, तेही खावे. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र जपून. मोबाईल घरात ठेवावा. त्या तासाभरात छाटणीचा, उधारीचा, बाजारभावाचा विषय काढू नये. आजोबांना जुन्या दिवसांबद्दल बोलू द्यावे, पोरांना चांदण्या मोजू द्याव्यात. मग अंथरुणाला पाठ टेकावी. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी. पहाटे पाचला बागेत जायचे असेल तर साडेनऊला दिवा मालवणे भाग आहे.

हादगा आणि कोजागिरी

सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र लागते आणि आपल्याकडे हादगा सुरू होतो. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती मुलींनी फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर यात व्यायाम आहे, हसणे आहे आणि खिरापतीला वाटली डाळ किंवा उसळ केली तर पौष्टिक खाणेही आहे. घरात किंवा गल्लीत दोन-चार मुली असतील तर एक संध्याकाळ तरी हादगा मांडावा. तो खर्चाचा सण नाही.

आश्विन पौर्णिमेला कोजागिरी. आटीव दूध प्यावे, पण सांभाळून. दूध नीट उकळावे, झाकून ठेवावे, उघड्यावर तासन्‌तास ठेवू नये. मधुमेहींनी बिनसाखरेचे घ्यावे. दुसऱ्या दिवशी पहाटेची पाळी असेल त्याने रात्रभर जागण्याचा हट्ट धरू नये. चंद्र डोक्यावर यायची वाट न पाहता नैवेद्य दाखवून झोपला तरी लक्ष्मी रागावणार नाही.

हा विसावा कोणासाठी?

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते. घरातले सगळे ओट्यावर बसतात तेव्हा घरची बाई कोठे असते? बहुधा भांडी घासत असते. दिवसभर बागेत काम, त्याआधी स्वयंपाक, नंतर धुणे, त्यात नवरात्राचे नऊ दिवस उपवास. अंग मोडून येते म्हणून शेवटी दवाखान्यात येते तेव्हा तिचे रक्त कमी झालेले आढळते. एकाचा विसावा दुसऱ्याच्या कष्टावर उभा असेल तर तो घरचा आनंद नव्हे. पुरुषांनी पाणी भरावे, मुलांनी ताटे उचलावीत, रात्री एकच भाजी करावी. तिने सगळ्यांबरोबर बसून गरम भाकरी खाल्ली पाहिजे. उपवास करणाऱ्यांनी दिवस नुसत्या चहावर काढू नये. ताक, फळे, शेंगदाणे, राजगिरा घ्यावा. गरोदर स्त्रिया आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये.

बागायतदारांसाठी महत्त्वाचा इशारा

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी ‘शीण घालवायला’ दारू घेणारे काही जण आहेत. हे अत्यंत धोक्याचे आहे. दारू शरीरात गेल्यावर तिच्यापासून आधी एक विषारी पदार्थ तयार होतो आणि यकृत त्याची विल्हेवाट लावते. सायनामाइड यकृताचे नेमके हेच काम अडवते. मग थोड्याशा दारूनेही चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. पेस्ट लावण्याच्या आदल्या दिवसापासून आणि नंतरही काही दिवस दारूचा थेंबही घेऊ नये. हातात रबरी मोजे घालावेत, बागेत तंबाखू मळू नये, हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला लावू नयेत. टोळीतील मजुरांनाही हे मालकाने स्वतः सांगावे.

दिवसा उन्हात काम करताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. घाम फार जात असेल तर लिंबू-मीठ-साखरेचे सरबत किंवा ताक घ्यावे.

ओट्यावर बसायचे तर डासांचा बंदोबस्तही हवा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंडे ते डास हा प्रवास साधारण आठवड्यात होतो. आपल्याकडे पाणी साठवल्याशिवाय चालत नाही, म्हणून दर आठवड्याला एक दिवस ठरवून बॅरेल, रांजण, हौद रिकामे करून घासावेत आणि घट्ट झाकावेत.

दोन दिवसांपेक्षा जास्त ताप, छातीत दाबल्यासारखे दुखणे, दम लागणे, भ्रम किंवा फवारणीनंतर उलट्या आणि अंधारी येणे, यांपैकी काही झाले तर मात्र विसाव्यावर भिस्त ठेवू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

बाकीच्यांना माझे सांगणे एवढेच, की कामे संपल्यावर विश्रांती घेऊ असे म्हणाल तर दिवाळीनंतर विरळणी येते, मग माल काढणी, मग बेदाण्याचे शेड. कामे संपत नाहीत, शरद ऋतू मात्र दोनच महिन्यांचा असतो. या आठवड्यात एक संध्याकाळ ठरवा, शेंगा उकडा आणि सगळे मिळून ओट्यावर बसा.