मोडीत निघालेल्या इंजिनांची कैफियत

आगगाडीच्या इंजिनाचे आयुष्य त्याच्या पोलादाच्या बळकटीवर अवलंबून असते अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी वस्तुतः ते पुष्कळदा दफ्तरातील जमाखर्चावर आणि वरिष्ठांच्या एखाद्या ठरावावर अवलंबून असते. बॉयलर वेळच्या वेळी दुरुस्त होत गेला आणि चाकांवरच्या झिजलेल्या धावा बदलल्या गेल्या, तर इंजिन पन्नास वर्षेही निमूटपणे राबते. ईस्ट इंडियन रेल्वेसाठी १८५५ साली लीड्सच्या कारखान्यात घडविलेली ‘फेअरी क्वीन’ १९०९ पर्यंत चाकरीत होती. याउलट ब्रिटिश रेल्वेचे अखेरचे बाष्प-इंजिन ‘ईव्हनिंग स्टार’ १९६० साली स्विंडनहून बाहेर पडले आणि १९६५ साली सेवानिवृत्तही झाले. कारण १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने डिझेल आणि विजेच्या बाजूने आधीच कौल दिला होता.

त्या योजनेपायी इंजिने हजारोंनी भंगारात निघाली. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील बॅरी येथे डाय वुडहॅम या भंगार-व्यापाऱ्याने त्यांपैकी २९७ इंजिने विकत घेतली. परंतु रेल्वेने त्याच सुमारास मोडीत काढलेल्या मालवाहू वाघिणी तोडणे कमी कष्टाचे असल्यामुळे त्याने आधी तिकडे हात घातला, आणि इंजिने खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे गंजत उभी राहिली. या व्यापारी सोयीनेच त्यांना जीवदान मिळाले. १९६८ पासून हौशी मंडळ्यांनी वर्गण्या गोळा करून एकेक इंजिन सोडवून नेण्यास प्रारंभ केला.

त्यांतील ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’ची कहाणी विशेष बोधप्रद आहे. १९५२ च्या हॅरो येथील भीषण अपघातात नष्ट झालेल्या एका इंजिनाच्या जागी ते १९५४ साली बांधण्यात आले. पण कोळसा अतोनात खाते आणि वाफ मात्र पुरेशी देत नाही, असा शेरा त्याच्यावर बसला. १९६२ साली त्याला रजा मिळाली, आणि प्रदर्शनात मांडण्यासाठी त्याचा एक सिलिंडरही काढून नेण्यात आला. अशा स्थितीत १९७४ साली त्याला बॅरीहून सोडविणाऱ्यांनी मूळ आराखडे समोर ठेवून एकेक भाग पडताळला, तेव्हा असे दिसून आले की राखदाणीतून अग्निपेटीला हवा पोहोचविणारी द्वारे आराखड्याप्रमाणे बनविलेलीच नव्हती, आणि धुराडेही जरुरीपेक्षा अरुंद होते. आग धगधगावी कशी? हे दोष दूर करून १९८६ साली इंजिन रुळावर आणले, तेव्हा ज्याला कारखान्याने आळशी ठरविले होते तेच चढणीवर भारी गाड्या समर्थपणे ओढू लागले.

बाष्पयुगाचा अस्त अटळ होता, याविषयी वाद नाही. कोळसा, पाणी, राख आणि त्यापायी लागणारे मनुष्यबळ यांचा खर्च नव्या इंजिनांपुढे परवडणारा नव्हता. परंतु यंत्र कालबाह्य होणे निराळे आणि त्याच्या बांधणीतील चूक त्याच्याच माथी मारली जाणे निराळे. बॅरीच्या २९७ इंजिनांपैकी २१३ वाचली. इतरत्र ज्यांच्यावर त्याच वेळी गॅसकटर चालला, त्यांच्याविषयीचे शेरे खरे होते की खोटे, हे तपासण्याची सोय आता उरलेली नाही. म्हणून कोणतेही जुने यंत्र मोडीत काढण्याचा हुकूम देण्यापूर्वी संबंधितांनी त्याचा मूळ आराखडा एकवार उघडून पाहावा, एवढीच विनंती.