वृद्ध मांजराची झोंप

वांद्र्याच्या चिंबई कोळीवाड्यांत मासळीच्या पाट्यांभोंवतीं घुटमळणारें मांजर असो, कीं एखाद्या नांदत्या घरांत आजीच्या अंथरुणावर वाढलेलें असो, निद्रेच्या बाबतींत दोघांचा धर्म एकच. धडधाकट मांजर २४ तासांपैकीं १२ ते १६ तास निजतें. पहांटे व तिन्हीसांजेस मात्र तें सावध असतें, कारण शिकारीची वेळ तीच.

वयाचीं दहा-अकरा वर्षें उलटलीं कीं हा क्रम पालटूं लागतो. दिवसाची झोंप वाढते, रात्रीची तुटक होते. मध्यरात्रीं मांजर घरभर फिरतें, मोठ्यानें ओरडतें. वडील मंडळी त्यास अपशकुन म्हणतात, तरुण मंडळी त्यास दाराबाहेर काढतात. आमच्या मतें दोन्ही अन्यायाचें आहे. त्या ओरडण्यामागें सांधेदुखी, मूत्रपिंडाचा विकार, वाढलेला रक्तदाब, थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव, मंदावलेली दृष्टि किंवा स्मृतिभ्रंश असूं शकतो. माणसाच्या वार्धक्यांत तरी याहून निराळें काय घडतें?

म्हणून वाचकांस आमची विनंति, कीं झोंपेंतील फरक टिपून ठेवावा व पशुवैद्यास सांगावा. अंथरूण उबदार व जमिनीलगत असावें, पाणी व मातीचें तबक जवळ असावें, रात्रीं मंद दिवा ठेवावा. घरांतील दुखण्याची गोळी मात्र कदापि देऊं नये. पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक ठरतें. १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय व बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ हीं दोन्ही परळास आहेत. वांद्र्याहून तें अंतर फार नाहीं. जन्मभर ज्यानें घरचें धान्य उंदरांपासून राखलें, त्याच्यासाठीं एखादी रात्र जागणें घरच्यांस जड वाटूं नये.