पहिलं पान उशिरा का उघडतं?

फजरनंतर चूल पेटवली, की पहिल्या भाकरीला वेळ लागतो. तवा तापलेला नसतो. पुढच्या भाकऱ्या मात्र भराभर निघतात. वेब ॲप्लिकेशनचंही असंच असतं.

रत्नागिरीत आमच्या मोहल्ल्यातल्या काही मुलांनी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी एक वेब ॲप्लिकेशन तयार केलं. एका मुलीची अम्मी रोज सकाळी ते उघडायची आणि पांढरा पडदा बघून मोबाइल बाजूला ठेवायची. मुदत संपत आली होती. विचारलं तर एक जण म्हणाला, "नेट खराब असेल." दुसरा म्हणाला, "माझ्याकडे तर चालतंय." दोघांचीही नियत साफ होती, पण अर्ज तिथेच राहिला.

तिसऱ्या मुलाने आधी प्रश्न विचारला, "खाला, दर वेळी असं होतं, की फक्त पहिल्यांदा?"

"सकाळी पहिल्यांदाच. नंतर लगेच उघडतं."

इथेच दुखणं सापडलं. ते ॲप्लिकेशन मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरवर होतं. तिथे 20 मिनिटं कुणी फिरकलं नाही, तर ॲप्लिकेशन बंद करायचं, असं सेटिंग मुळातच असतं. रात्रभर कोण येणार? मग सकाळी येणाऱ्या पहिल्या माणसासाठी सगळं नव्याने सुरू होतं. प्रोग्राम मेमरीत येतो, त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर होतं, डेटाबेसशी जोडणी होते. तोवर पडदा पांढराच.

उपाय सोपा निघाला. निष्क्रियतेची मुदत शून्य केली, 'ऑलवेज रनिंग' आणि 'प्रीलोड' ही सेटिंग्ज सुरू केली. प्रीलोडसाठी सर्व्हरवर 'ॲप्लिकेशन इनिशियलायझेशन' हा भाग बसवलेला असावा लागतो. भाड्याच्या सामायिक सर्व्हरवर हे बदल हाती नसतील, तर दर दहा-पंधरा मिनिटांनी एखादं छोटं पान आपोआप उघडेल अशी सोय करता येते. मात्र दर वेळीच उशीर होत असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा: डेटाबेसमधली शोधाची पद्धत, जड फोटो किंवा खरोखरच कमजोर नेट.

घरच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: पान उघडेपर्यंत मिनिटभर थांबावं आणि अर्ज पाठवताना बटण पुन्हा पुन्हा दाबू नये, नाहीतर एकच अर्ज दोनदा जाऊ शकतो.

आपल्या घराघरांत आता संगणक शिकलेली मुलं-मुली आहेत. कुणी पुण्या-मुंबईत, कुणी आखातात. गावाकडून फोन आला, की त्यांनी घाईत काहीतरी सांगून मोकळं होऊ नये. आधी नीट विचारावं, मग कारण सांगावं, उपाय सांगावा आणि दोन दिवसांनी "झालं का?" म्हणून फोन करावा. इल्म ही अमानत आहे. ती अशीच पोहोचवायची असते.

त्या मुलीचा अर्ज मुदतीच्या आत गेला, अलहमदुलिल्लाह.