औषधनिर्माण पदविका : उंब्रज परिसरातील विद्यार्थी आणि आपली औषधशाळा

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वजण जाणतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी असा क्रम लावून प्रत्येकाचे चार चार गुण सांगितले. आपली संमेलने व चर्चासत्रे बहुधा पहिल्या पादाभोवती फिरतात. दुसरा व तिसरा पाद ज्याच्या हाती असतो, त्या सहायकाच्या शिक्षणाचा विचार क्वचितच होतो. चूर्ण वस्त्रगाळ करणारा, काढ्याची भरड मोजणारा, पुड्या बांधून रुग्णाला अनुपान समजावणारा हा सहायक पाहून पाहूनच शिकलेला असतो. म्हणून औषधनिर्माणाचे व्यावसायिक शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांची पार्श्वभूमी, तेथील अभ्यासक्रम आणि त्याची मर्यादा यांचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

निमित्त उंब्रजचे आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर, कृष्णा व तारळी यांच्या संगमाजवळ वसलेले हे गाव कराड तालुक्यात येते. बारावी शास्त्र शाखा उत्तीर्ण झालेल्या मुलाचे पालक येथील वैद्याकडे सल्ला मागतात, तेव्हा प्रश्न ठरलेला असतो : “मुलाने डी. फार्म. केले, तर पुढे आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढता येईल ना?” या प्रश्नाला सरसकट होकार देणे म्हणजे त्या कुटुंबाची दिशाभूल करणे होय.

पार्श्वभूमी

व्यवसायाभिमुख शिक्षणाची परंपरा या भागाला नवी नाही. साताऱ्यात १९१६ साली आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आयुर्वेद व पाश्चात्त्य वैद्यक यांचा मेळ घालण्याचा हेतू त्याच्या नावातच दिसतो. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. श्रम करीत शिकण्याची ‘कमवा व शिका’ ही त्यांची कल्पना व्यावसायिक शिक्षणाचा पायाच आहे. कराडमध्ये १९५४ साली रयतचे सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय व १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. कराडच्या विद्यानगर परिसरातच शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयही आहे. त्यामुळे उंब्रजच्या विद्यार्थ्याला या विषयासाठी फार दूर जावे लागत नाही.

अभ्यासक्रम

औषधनिर्माण पदविका ही १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या चौकटीत येते. अभ्यासक्रम भारतीय फार्मसी परिषद ठरविते. आपल्या राज्यात परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. प्रवेशासाठी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासह जीवशास्त्र अथवा गणित घेऊन बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक असते. मुदत दोन वर्षांची असून त्यानंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. २०२० च्या विनियमांनुसार पहिल्या वर्षी औषधनिर्मितीशास्त्र, औषधी रसायनशास्त्र, वनौषधिशास्त्र, शरीररचना व क्रिया आणि सामाजिक औषधशास्त्र हे विषय येतात. दुसऱ्या वर्षी औषधक्रियाशास्त्र, औषधोपचार, रुग्णालयीन औषधसेवा, औषधालय व्यवस्थापन, जीवरसायन आणि कायदा व नीती यांचा अभ्यास होतो. नोंदणीपूर्वी द्यावयाच्या पात्रता परीक्षेचे विनियम परिषदेने २०२२ साली प्रसिद्ध केले आहेत.

वनौषधिशास्त्राच्या विषयात आयुर्वेदाची मूलतत्त्वे आणि आसव, अरिष्ट, गुटी, तैल, चूर्ण, अवलेह व भस्म यांच्या निर्मितीपद्धती समाविष्ट आहेत. ही समाधानाची बाब आहे. मात्र दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातील एका विषयाचा हा एक भाग आहे, हे विसरता कामा नये. तेवढ्यावर स्नेहपाकाची मृदू, मध्य व खर अवस्था हाताने ओळखता येणार नाही. संधान पूर्ण झाले की नाही, हे कळण्याइतका अनुभवही मिळणार नाही.

काय मिळते, काय मिळत नाही

पदविकाधारकाची राज्य परिषदेकडे नोंदणी झाली की तो नोंदणीकृत औषधनिर्माता होतो. आधुनिक औषधांच्या किरकोळ दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध त्याच्या देखरेखीखाली दिले जाते. आयुर्वेदीय औषधांच्या केवळ विक्रीसाठी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार परवाना लागत नाही. म्हणून तेथे पदविकेची कायदेशीर गरज नसली, तरी तिचा उपयोग मोठा आहे.

निर्मितीचे मात्र निराळे आहे. या कायद्यात १९६४ साली आयुर्वेदीय औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. विक्रीसाठी औषध तयार करावयाचे असेल, तर परवाना घ्यावा लागतो आणि अनुसूची ‘टी’मधील उत्तम निर्मितीपद्धती पाळाव्या लागतात. शिवाय निर्मिती सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते. त्यासाठी आयुर्वेदाची किंवा आयुर्वेदीय औषधनिर्माणाची पदवी ग्राह्य आहे. फार्मसीचा पदवीधरही चालतो, परंतु त्याच्यापाशी आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा अनुभव असावा लागतो. केवळ डी. फार्म. येथे पुरेसे ठरत नाही. आपल्याच रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला परवान्यातून सूट आहे. तेच औषध बाजारात विकू लागताच ही सूट संपते.

म्हणून पालकांना उत्तर द्यावयाचे ते असे : डी. फार्म. ही पहिली पायरी आहे. त्यानंतर बी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळण्याची सोय आहे. ती पदवी घेऊन आयुर्वेदीय औषधशाळेत अनुभव मिळविल्यास निर्मितीची तांत्रिक जबाबदारी घेण्याचा मार्ग मोकळा होतो. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाला त्या वर्षासाठी फार्मसी परिषदेची मान्यता व मंडळाची संलग्नता आहे किंवा नाही, हे कागद पाहून खात्री करून घ्यावे. मान्यता नसलेल्या ठिकाणी घालविलेली दोन वर्षे आणि भरलेले शुल्क परत मिळत नाही. आणि नोंदणीअभावी त्या प्रमाणपत्राला व्यवसायात किंमत उरत नाही.

आपले कर्तव्य

महाविद्यालय जे देऊ शकत नाही, ते आपल्या औषधशाळांनी द्यावयाचे आहे. अशोकाची साल म्हणून आसुपालवाची साल येते. रास्ना या नावाने प्रांतोप्रांती निरनिराळी द्रव्ये विकली जातात. खरे व खोटे द्रव्य शेजारी ठेवून गंध, चव, भंग व रंग यांवरून पारख करावयास शिकविणे हे काम औषधशाळेतच होऊ शकते. आमची औषधशाळाचालकांना विनंती आहे की, सुटीच्या काळात एखाद्या पदविका विद्यार्थ्याला आपल्याकडे बसू द्यावे. त्याला कच्च्या द्रव्यांच्या आवकेची नोंद, घाण्याचा क्रमांक, पाकाची वेळ व उतारा यांची वही लिहावयास लावावी. नोंदवह्या ठेवण्याचे शिक्षण त्याला महाविद्यालयात मिळालेले असते. द्रव्याचे ज्ञान आपल्यापाशी असते. दोन्ही एकत्र आले, तर त्यात त्याचा लाभ आहे आणि आपलाही.

परिचारकाच्या गुणांत चरकाचार्यांनी ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता यांची गणना केली आहे. पहिले दोन शिक्षणाने व सरावाने येतात, उरलेले दोन सहवासाने. उंब्रजचा एखादा मुलगा पदविका घेऊन उद्या आपल्या दारी आला, तर त्याला केवळ पुड्या बांधावयास बसवू नये, एवढेच आमचे सर्व वैद्यबंधू-भगिनींस सांगणे आहे.