अडथळ्यांची शर्यत, अर्धशक्ती आणि कुटुंब

अमेरिकेत २०१० साली सुरू झालेल्या ‘स्पार्टन रेस’चे ५ किलोमीटर व २० अडथळे, १० किलोमीटर व २५ अडथळे, २१ किलोमीटर व ३० अडथळे असे तीन मुख्य प्रकार आहेत. उंच भिंती ओलांडणे, दोर चढणे, काटेरी तारेखालून सरपटणे, वाळूचे पोते वाहणे यांत सर्वांगाचा कस लागतो. अशा शर्यतीसाठी कोणी सल्ला मागितल्यास त्याच्या कुटुंबीयांनाही सोबत बोलवावे, असे आम्हांस वाटते.

वाग्भटाचार्यांनी बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीलाही शीतकाळी व वसंतात अर्धशक्तीनेच व्यायाम सांगितला आहे. शर्यतीचा दिवस ही मर्यादा ओलांडणारच. म्हणून आधीचे काही महिने मर्यादेत राहून बल वाढविणे हाच मार्ग होय. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम आणि मुखशोष ही अर्धशक्तीची लक्षणे घरच्यांनाही ओळखता येतात. वेळेवर भोजन, पुरेशी निद्रा व अभ्यंग हेही त्यांच्या सहकार्यावाचून साधत नाही.

शर्यतीनंतर तीव्र स्नायुवेदनेसह मूत्र गडद तपकिरी झाल्यास स्नायूंचा नाश होऊन वृक्कांना धोका संभवतो. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. औषधविक्रेत्यांनी वेदनाशामक देण्यापूर्वी मूत्राचा वर्ण अवश्य विचारावा.

स्पर्धकाच्या उत्साहाला विवेकाची जोड हवी. प्रोत्साहनाबरोबरच ‘आता थांब’ असे सांगण्याचा अधिकारही कुटुंबाकडे असावा आणि वैद्यांनी तो पहिल्या भेटीतच स्पष्ट करावा, अशी आमची विनंती आहे.